मन्नोच्या लग्नातली चुनरी

फर्रुखाबाद,
१४ नोव्हेंबर १९५४

लल्ला,

अनेक आशीर्वाद. मन्नोचं लग्न ठरलं. मुलगा कानपूरचा आहे, गिरणीत कारकून आहे, चष्मा लावतो आणि आईच्या पुढे बोलत नाही. तुझ्या जिजाजींना तो फार आवडला, कारण तेही तसेच आहेत. मुहूर्त फाल्गुनातला धरला आहे.

रीतीप्रमाणे मी स्वतः गूळ-तांदूळ घेऊन माहेरच्या उंबऱ्यावर यायला हवं आणि भावाला भाताचं आमंत्रण द्यायला हवं. पण आई-बाबा गेले, घर विकलं, आणि माहेर म्हणजे उरलास तू एकटा, तोही मुंबईत अंधेरीला. म्हणून पाकिटात हळदीचे तांदूळ घातले आहेत. गूळ घातला असता तर पोस्टमनने मुंग्यांसकट आणून दिला असता, तेव्हा तो पोचला असं समज.

आता मुद्द्याचं ऐक. माझ्या थोरल्या जाऊबाईंना, सुखदेई बाईंना, चार भाऊ. त्यांच्या मुलीच्या लग्नात चौघं चौघडा वाजवत आले, दारात पाटावर उभे राहिले आणि बहिणीच्या अंगावर चुनरीवर चुनरी घातली. अख्खा मोहल्ला छपरावर चढून बघत होता. तेव्हापासून सुखदेई बाई मला हसतात. परवा चार बायकांत म्हणाल्या, “रामदुलारीचं माहेर सिनेमात आहे. दिसतं, पण हाताला लागत नाही.” मी हसून सोडून दिलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. वीस वर्षं या घरात आहे, पण माझ्यामागे कुणी आहे हे मला अजून कुणाला दाखवता आलेलं नाही.

मला दागिने नकोत, सासरच्या बाराजणांचे कपडे नकोत. तू ये, पाटावर उभा राहा आणि माझ्या अंगावर एक चुनरी घाल. एवढंच कर.

तुझी जिज्जी


अंधेरी,
२ डिसेंबर १९५४

जिज्जी, पायलागू.

तांदूळ मिळाले. मी येणार, आणि असा येणार की सुखदेई बाईंचे चारही भाऊ मिशा खाली करून बसतील. शेजारी एक मराठी गृहस्थ राहतात. त्यांना म्हणालो, भाचीच्या लग्नाला भात घेऊन जायचंय. ते म्हणाले, “किती शेर?” मग त्यांना समजावलं, की आमच्याकडे भाचीच्या लग्नात मामा बहिणीच्या दारात कपडे-चुनरी घेऊन उभा राहतो त्याला भात म्हणतात, तो शिजवत नाहीत. त्यांनी मान हलवली, पण पटलं असं दिसलं नाही.

इथलं काय विचारतेस! मी जिथे गोष्टी लिहायची नोकरी करतो त्या जागेला स्टुडिओ म्हणतात, खरं तर खाटीकखाना म्हटलं पाहिजे. सध्या आम्ही ‘सोनपंखी’ काढतोय. हो, आपली आई रात्री सांगायची तीच गोष्ट. शेठला मी ऐकवली, त्याने पान थुंकून “चालेल” म्हटलं, झालं. आता त्या सोनेरी पक्ष्यासाठी कोंबड्यांची पिसं आणली आहेत, आणि ती सरसाने चिकटवतात. दिव्यांच्या आचेने सरस वितळतो आणि असा वास सुटतो की मेलेला बैलसुद्धा उठून बाहेर जाईल. सातव्या डोंगरावर जे दगड झालेले राजपुत्र आहेत ना, ती रोजावर आणलेली माणसं आहेत. त्यांना चुना आणि सरस फासून उन्हात उभं करतात. बिचारी दिवसभर खाजवतात आणि दिग्दर्शक ओरडतो की दगड हलला. नायक पहिलवान आहे, त्याला वाक्य पाठ होत नाही. राक्षसाच्या जेवणाला मांस म्हणून बीट घातलेला पाव ठेवला होता, तो चार दिवस तसाच होता, त्यात आळ्या झाल्या, तरी शेठ म्हणाला, राहू द्या, खरं वाटतं. खानावळीत जाऊन जेवावं म्हटलं तर डाळीत गूळ. डाळीत, जिज्जी! मी दोन घास खाऊन उठतो.

गोष्टीत थोडे बदल करावे लागतात. या धंद्यात ते चालायचंच. तू चुनरीची काळजी करू नकोस.

तुझा बिंदे


फर्रुखाबाद,
२६ फेब्रुवारी १९५५

लल्ला,

मन्नो सासरी सुखात आहे. तू लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी घाईने निघालास, त्यामुळे धड बोलताही आलं नाही. म्हणून हे लिहिते.

तू पाटावर उभा राहिलास आणि घडी उलगडलीस तेव्हा अंगणातल्या बायका टाचा उंचावून बघत होत्या. मी हातात आरतीचं ताट धरलं होतं, तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून जाऊबाईंकडेच बघत होते, खोटं कशाला बोलू. एवढा रुंद जरीचा काठ, मोर आणि कैऱ्या, कैऱ्या आणि मोर. त्यांच्या चारही भावांच्या चुनऱ्या एकत्र शिवल्या तरी त्या काठाची सर यायची नाही. तू ती माझ्या डोक्यावरून घातलीस आणि मला आई आठवली. जाऊबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. पोटात दुखतंय म्हणाल्या. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी दोन लाडू जास्त खाल्ले.

गेले पंधरा दिवस कुणी ना कुणी बघायला येतं. सगळ्यांना मी एक मोर दाखवते, ज्याला तुराच नाही. विणणारा विसरला असेल. मला तो सगळ्यांत जास्त आवडतो. आणि पदराच्या टोकाला एक काळा डाग आहे. सासरी निघण्याआधी मन्नो म्हणाली, धुऊन टाकू या. मी म्हटलं, हात लावू नकोस. ती आगगाडीची काजळी आहे. माझा भाऊ दोन दिवस, दोन रात्री गाडीत बसून चुनरी मांडीवर धरून आला, त्याची ती खूण आहे.

आता तुझा सिनेमा कधी येतो ते कळव. आईची गोष्ट आहे, मी पहिल्या रांगेत बसेन.

तुझी जिज्जी


अंधेरी,
९ जुलै १९५५

जिज्जी, पायलागू.

उत्तराला उशीर झाला. ‘सोनपंखी’ लागला. मुंबईत गर्दी आहे, लोक शिट्ट्या वाजवतात, पडद्यावर पैसे फेकतात. आता तो कानपूर करून तुमच्याकडे येईल असं ऐकतो.

एक विनंती आहे. तू बघू नकोस.

हा काही विनय नाही. सिनेमा घाण आहे. बायकांनी बघण्याजोगा नाही. पक्षी बघितलास तर तुला कोंबडी आठवेल. राजकन्या प्रत्येक डोंगरावर नाचते, आणि सात डोंगर आहेत. चेटकिणीच्या गुहेत खऱ्या बकऱ्याची मुंडकी टांगली होती, चित्रीकरण लांबलं, ती सडली, त्यांच्यावर माश्या बसल्या, आणि त्या माश्यासुद्धा पडद्यावर दिसतात. मी स्वतः पहिल्या खेळाला अर्ध्यातून उठून बाहेर गेलो आणि लिंबू-सोडा प्यायलो. आईची गोष्ट तू तिच्या तोंडून ऐकली आहेस, तीच मनात राहू दे. जिजाजींना सांगून टाक की डोळे दुखतात.

राखी पाठवशील तेव्हा जरीचा गोटा लावलेली नको. गेल्या वर्षीची मनगटाला टोचत होती.

तुझा बिंदे


फर्रुखाबाद,
२२ जुलै १९५५

लल्ला,

लहानपणी तू पाटीवर चित्र काढायचास आणि कुणी बघायला आलं की थुंकीने पुसून टाकायचास. अजून तस्साच आहेस. म्हणे बघू नकोस! इथे मी साऱ्या मोहल्ल्याला सांगून बसले आहे. आम्ही नऊ-दहा बायका जाणार आहोत, बायकांची पडद्याआडची बाकं आधीच सांगून ठेवली आहेत. जाऊबाईही येतायत, नाक मुरडत का होईना.

मुंडक्यांचं मला काय सांगतोस? बकरीदीच्या दिवशी आमच्या गल्लीतून चालून बघ. आणि नाच काय, राजकन्यांना दुसरा उद्योग नसतो. मला बहीण बघायची आहे. भाऊ दगड झाला हे कळल्यावर ती जातं अर्धवट टाकून, सत्तूची पुरचुंडी बांधून निघते, तो भाग ठेवलास ना? आणि डोंगरावर सगळे दगड सारखेच, म्हणून ती एकेका दगडाला कान लावते, आणि जो ऊबदार लागतो तो तिचा भाऊ, तो? आई तिथे आली की तुझ्या गालाला गाल लावायची. तू झोपलेला असायचास, पण मी जागी असायचे.

बहिणीचं काम कोण करतं ते कळव. नटी चांगली घेतली असशील.

आणखी एक बातमी. धाकट्या शकुनचंही जमतंय. जमलं तर माघात लग्न. म्हणजे पुन्हा भात, लल्ला. पण आता मला चिंता नाही.

तुझी जिज्जी


अंधेरी,
३० जुलै १९५५

जिज्जी, कार्डावर लिहितो आहे, घाईत आहे. बहीण वगैरे सगळं बदललं आहे. तुला आवडणार नाही. माझी शपथ आहे, जाऊ नकोस. शकुनच्या भाताला तुला हवं ते आणेन, बनारसला स्वतः जाऊन आणेन. बिंदे


फर्रुखाबाद,
४ सप्टेंबर १९५५

बिंदेश्वरी सरन,

बघितला.

पक्षी आला तेव्हा सगळ्या हसल्या. तुझा पहिलवान दगडाला मिठी मारून रडला तेव्हाही हसल्या. मी हसले नाही. सुरुवातीला पडद्यावर तुझं नाव आलं तेव्हा मी जाऊबाईंना कोपराने ढोसलं होतं. आणि मग गुहा आली, माश्या आल्या, आणि त्या मुंडक्यांच्या मधे कवट्यांच्या आसनावर एक काळं तोंड केलेली बाई बसली होती. पहिलवान तिला म्हणाला, “दीदी.”

मला वाटलं, सोंग असेल. पुढे शाप सुटेल आणि आतून खरी बहीण निघेल. मी शेवटापर्यंत वाट बघितली, लल्ला. ती तर शेवटी जळून मेली. भावाला दगड करणारी तीच, त्याच्या रक्ताचा पेला मागणारी तीच, आणि त्याला सोडवणारी ती सात डोंगर नाचून आलेली बया. लोक टाळ्या पिटत होते. हे तू आईच्या गोष्टीचं केलंस. आणि इतकं करून वर पाटीवर लिहिलंस, कथा बिंदेश्वरी सरन.

तेवढ्यावर थांबला असतास तर मी चार दिवस अबोला धरला असता आणि विसरले असते. पण ती बाई उठली. तिच्या अंगावर चुनरी होती. रुंद काठ, मोर आणि कैऱ्या. पडद्यावर एकेक मोर म्हशीएवढा दिसतो, तेव्हा मला काही शोधावं लागलं नाही. तुरा नसलेला मोर तिच्या खांद्यावरच बसला होता. ती काळीज खाते, हनुवटीवरून काळं ओघळतं, आणि मग ती पदराचं टोक घेऊन तोंड पुसते. त्याच टोकाने.

जो डाग मी सहा महिने कुणाला धुऊ दिला नाही! ज्याला मी गाडीची काजळी म्हणत होते! मन्नो सासरी जाताना मी त्या टोकाने तिचे डोळे पुसले. मला तिथल्या तिथे ओकारी आली. पदर तोंडात कोंबून बसले, तर हातात तोच पदर. मोठ्या दिमाखाने तीच चुनरी अंगावर घेऊन गेले होते ना, भावाचा सिनेमा बघायला!

अंधारात जाऊबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांनाही कळलं होतं. मी वाट बघत होते की आता ही बाई बोलेल आणि मी मरेन. त्या काही बोलल्या नाहीत. घरी येईपर्यंत मनगट सोडलं नाही. मी विहिरीवर अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ केली, आणि अजून अंगाला तो वास येतो असं वाटतं.

मला एकच सांग. भाताची चुनरी कोरी असते हे तुला माहीत नव्हतं का?

रामदुलारी


अंधेरी,
१७ सप्टेंबर १९५५

जिज्जी, पायलागू.

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा जेवलो नाही. पण तूही माझं ऐकून घे.

मी चुनरी घेणार होतो. रोज उद्या जाऊ म्हणायचो. इथे चित्रीकरण सुरू झालं की माणसाला घर-दार, दिवस-रात्र राहत नाही. शेवटच्या दिवशी शेठने संध्याकाळपर्यंत अडकवून ठेवलं, गाडी सुटायला दोन तास उरले, आणि कपडेपटात ती चुनरी लटकत होती. अस्सल बनारसी, जिज्जी. साऱ्या बाजारात फिरलो असतो तरी तिच्या पासंगाला पुरेल अशी मिळाली नसती. कपडेपटाच्या मास्तरने ती माझ्याकडे दिली, म्हणाला, हिचं काम संपलं. आधी दोनदा धुतलेली होती. तो डाग कसला, तेल मिसळलेला काळा रंग, तो गेला नाही. मी वर अत्तर शिंपडलं. तू दारात इतकी खूश झालीस की माझी जीभच वळली नाही. आणि मग तू लिहिलंस, काजळी आहे. त्यावर मी काय लिहायला हवं होतं?

धुतलेलं कापड आहे शेवटी. तुझ्या अंगावर आली तेव्हा ती तुझीच होती. सुखदेई बाईंचं तोंड बंद झालं, जे हवं होतं ते झालं. काम केलं ना तिने?

राहता राहिली गोष्ट. मी शेठला आईची गोष्ट होती तशी सांगितली होती. शेवटापर्यंत. दगडाला कान लावते तिथे त्याने हात वर केला. म्हणाला (इथे लेखकाला मुन्शीजी म्हणतात), “मुन्शीजी, बहिणीला बघायला कोण तिकीट काढतं? बहीण घरी फुकट मिळते. हिला चेटकीण करा.” दहाजण बसले होते, सगळे हसले. मीही हसलो. इथे सगळं असंच आहे, सगळं उतरलेलं, चघळलेलं, एकाच्या तोंडातून काढून दुसऱ्याच्या तोंडात घातलेलं. मला स्वतःच्या हातांना सरसाचा वास येतो. पण नोकरी आहे, सोडली तर फर्रुखाबादेत येऊन काय पापड विकू?

रागावलीस तर शिव्या दे, पण नाव लिहून सही करू नकोस.

तुझा बिंदे


फर्रुखाबाद,
२८ ऑक्टोबर १९५५

लल्ला,

सहीत नाव लिहायचं नाही म्हणतोस, ठीक. पण आता जे लिहिते ते वाच आणि आणखी चार दिवस जेवू नकोस.

मला वाटलं होतं की आता मोहल्ला माझ्यावर थुंकेल. मन्नोला सासरी टोमणे बसतील, तुझ्या मामाने चेटकिणीच्या अंगावरचं आणलं म्हणून. त्या भीतीने मी सुरुवातीला गंगेवरसुद्धा गेले नाही. जाऊबाई गप्प राहिल्या, पण सिनेमाला आलेल्या बाकीच्या काही आंधळ्या नव्हत्या. आणि काय झालं ठाऊक आहे? त्या ओवाळायलाच आल्या! “अय्या, हीच का ती?” एक झाली, दुसरी झाली, मग घोळके यायला लागले. पदराचा डाग बघतात. बोट लावतात. मी पाच वेळा सांगितलं की चेटकिणीने तोंड पुसलंय त्याला, तर आणखी खूश होतात. एके दिवशी एक बाई तान्हं बाळ घेऊन आली. म्हणे, चेटकिणीची चुनरी अंगावरून फिरवली की नजर लागत नाही. मी नाही म्हणेपर्यंत तिने फिरवलीसुद्धा, आणि मग रोज पोरं यायला लागली. नाक वाहणारी, खरूज झालेली, ती चुनरी सगळ्यांच्या अंगावरून गेली. चार बायकांनी मला पाया पडून नमस्कार केला. मला! माझ्या वीस वर्षांच्या संसाराला कुणी हात जोडले नव्हते.

तुझे जिजाजी म्हणतात, चांगलंच आहे की. त्यांना कचेरीत सगळे चहा पाजतात.

कहर म्हणजे कानपूरहून विहीणबाई आल्या. मन्नोही होती बरोबर, मान खाली घालून. मी म्हटलं, आता सुनेला परत ठेवायला आल्या. त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “धाकट्या मुलाचं लग्न आहे, वरातीच्या दिवशी मी ‘सोनपंखी’तली चुनरी अंगावर घेतली तर सगळं कानपूर बघत राहील. तुमच्या भावाने दिली आहे, तुम्हाला दुसरी देईल.” मागताना त्यांचे डोळे इतके चमकत होते की मला त्यांची किळस आली. मग माझी स्वतःची आली, कारण एक क्षण मला वाटलं, देऊ नये. माझी आहे, माझ्या भावाने दिली आहे.

दिली. पेटीतून काढून, घडी घालून दिली. देताना रीतीची कोरडी हळदही लावली नाही.

शकुनचं लग्न माघात पक्कं झालं आहे. तू काही लिहिण्याआधी नीट विचार कर. पुढचं पत्र मी जपून वाचणार आहे.

तुझी जिज्जी


अंधेरी,
१९ नोव्हेंबर १९५५

जिज्जी, पायलागू!

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. शेठ शेजारीच बसला होता, मी त्याला चुनरीची हकीगत सांगितली. सगळी नाही, बायका ओवाळतात तेवढीच. तो खुर्चीतून उठला. म्हणाला, मुन्शीजी, हे तुम्ही दाबून का ठेवलंत?

आता ऐक, आणि लगेच नाही म्हणू नकोस. शेठ ‘चेटकिणीचा सूड’ काढतोय. तो म्हणतो, शकुनच्या भाताचा सगळा खर्च कंपनी करील. पन्नास चुनऱ्या, अगदी कोऱ्या, दुकानातून थेट. बँड येईल. मी दारात उभा राहीन, शेजारी चेटकीण झालेली बाई उभी राहील, फार चांगल्या घरची आहे ती, रंग लावल्यावरच तशी दिसते. ती आणि मी मिळून तुझ्या अंगावर चुनरी घालू. फोटोवाला येईल. कानपूर-लखनौच्या वर्तमानपत्रांत फोटो छापून येईल, ‘चेटकिणीने दिला भात’. मी आधी नाहीच म्हणालो होतो. पण जिज्जी, विचार कर. तुला जगाला दाखवायचं होतं ना की तुझ्यामागे कुणी आहे? सुखदेई बाईंच्या चार भावांचा फोटो कुठल्या पत्रात आला होता? आणि पुढच्या सिनेमात माझं नाव मोठ्या अक्षरांत येईल, शेठने शब्द दिला आहे.

त्या बाईला फक्त एक अट आहे, तिला मांसाहार चालत नाही. तुझ्याकडे तसंही लग्नात कुठे असतो?

होकार कळव. फोटोवाल्याला तारीख द्यायची आहे.

तुझा बिंदे


फर्रुखाबाद,
११ जानेवारी १९५६

लल्ला,

उत्तर द्यायला उशीर केला, कारण आधी हातातलं काम उरकायचं होतं.

तुझं पत्र मी जाऊबाईंना वाचून दाखवलं. का दाखवलं ते मलाही माहीत नाही. दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी केली आणि उशीखाली ठेवलं, जणू त्यात विंचू होता. मग सुपारी कातरायला घेतली. कातरता कातरता म्हणाल्या, “माझे चार आहेत. त्यातला एक तू घे. धाकटा साधा आहे, जे सांगशील ते आणील.”

लल्ला, वीस वर्षं ज्या बाईचे टोमणे खाल्ले, तिने मला स्वतःचा भाऊ काढून दिला. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. पण नाही म्हटलं. भाऊ मागून आणायचा नसतो, मग तो कितीही चांगला असो. त्यांनाही ते पटलं.

आपल्याकडे ज्यांना भाऊ नसतो त्या बायका काय करतात ते तुला आठवत असेल. आई शेजारच्या बिट्टोला घेऊन पिंपळाकडे गेली होती, तिलाही भाऊ नव्हता. मकरसंक्रांतीच्या आधी मी आणि जाऊबाई गंगेवर गेलो. मी गूळ-तांदूळ नेले होते. घाटावरच्या पिंपळाच्या बुंध्याशी ठेवले, त्याला हळद-कुंकू लावलं आणि म्हटलं, माझ्या शकुनचं लग्न आहे, भात घेऊन ये. मला वाटलं होतं की मी रडेन. नाही रडले. थंडी फार होती आणि पाय ओले झाले होते. येताना बाजारातून मी स्वतः एक साधी तांबडी सुती चुनरी घेतली, काठ नसलेली. दुकानदाराने घडी मोडायला घेतली तर मी हात धरला. ती आता देवापुढे आहे. लग्नाच्या दिवशी जाऊबाई ती पिंपळाला लावून आणतील आणि माझ्या डोक्यावरून घालतील. बघायला छपरावर कुणी चढणार नाही. न चढू दे.

तुझ्या शेठला सांग, बहिणीला बघायला कुणी तिकीट काढत नाही हे त्याचं बरोबर आहे. मग फोटोवालाही पाठवू नकोस.

तुला शिव्या द्यायच्या म्हणून बसले होते. त्या संपल्या. आता फक्त शिसारी राहिली आहे, आणि ती तुझ्या एकट्याची नाही. ती चुनरी मी सहा महिने मिरवली, त्याचीही आहे. विहीणबाईंनी ती वरातीत अंगावर घेतली, म्हणे फार शोभली. मन्नोने लिहिलं आहे.

शकुनचं लग्न अठरा फेब्रुवारीला आहे. तू तिचा मामा आहेस, तिला तुझी आठवण येते, तेव्हा यायचं असेल तर ये. स्टेशनवर टांगा मिळतो. कानपूरच्या पाहुण्यांबरोबर तुझी बैठकीत झोपायची सोय केली आहे, जेवायलाही त्यांच्याच पंगतीत बस. येताना काही आणू नकोस. दारात पाट मांडलेला नसेल, तेव्हा थांबू नकोस, सरळ आत ये.

रामदुलारी